लिहित्यांचे प्रश्न : हक्कसोडपत्र मागणारा भाऊ

प्रश्न : वडील गेल्यावर भाऊ दोन बहिणींकडून शेतीचं हक्कसोडपत्र मागतो, अशी दीर्घकथा लिहितेय. ऐकणारे म्हणतात, भाऊ मालिकेतला खलनायक वाटतो. त्याला चांगला केला तर भांडणच उरत नाही.

उत्तर : चांगला करू नका, त्याची बाजू भक्कम करा. कथा बाजूला ठेवून तिघांच्या तीन याद्या लिहा : घरासाठी मी काय केलं, घराने मला काय दिलं नाही. प्रत्येक नोंदीला साल हवं, जमेल तिथे रक्कम. एकच घटना दोन याद्यांत वेगळी दिसली पाहिजे. भावाच्या यादीत 'ताईच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज, सात वर्षं मी फेडलं'. ताईच्या यादीत 'बारावीनंतर शिक्षण बंद, लग्न उरकायचं म्हणून'. दोन्ही खरं. अशा दोन-तीन घटना सापडेपर्यंत कथेला हात लावू नका.

दोन्ही बहिणी एकाच बाजूला कशाला? कथेचं साल ठरवा. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. तो भेद हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या 9 सप्टेंबर 2005च्या दुरुस्तीने गेला. कथा 1998ची, थोरलीचं लग्न 1992चं आणि धाकटीचं 1996चं असेल, तर धाकटी भावाच्या बरोबरीने हिस्सेदार. थोरलीला फक्त वडिलांच्या हिश्श्यातला वारसा. भाऊ गप्प बसला तरी बहिणींत ठिणगी पडते. कथा आजची असेल तर हा धागा सोडा.

आणखी एक. बहीण घरात स्टॅम्पपेपरवर सही करते आणि विषय संपतो, असं बऱ्याच कथांत होतं. ते खोटं पडतं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात (एक साक्षीदार धाकटे जावई असले तर बघा काय होतं). पुढे सातबारावर फेरफार (मालकीतल्या बदलाची नोंद) घालताना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. सही करून सासरी परतलेली बहीण त्या पंधरा दिवसांत काय करते, यावर कथेचा एक तृतीयांश भाग खर्च करा.

प्रश्न : भांडणाचे संवाद भाषणासारखे होतात.

उत्तर : कारण पात्र आपली सगळी यादी एका दमात वाचून दाखवतं. एका प्रसंगात एकच जुनी नोंद बाहेर येऊ द्या, तीही भलत्या वेळी. वाटणीच्या बैठकीत नको, वर्षश्राद्धाची पानं वाढताना. राग संबोधनात दाखवा. भावाला जन्मभर 'अरे' म्हणणारी ताई 'तुमचं घर, तुम्ही बघा' म्हणाली की आवाज चढवायची गरज नाही. वहिनी तर थेट बोलतही नाही : 'पिंट्या, आत्याला विचार, जेवून जाणार का.' 'किती रागावली होती ती' छापाची वाक्यं सरसकट खोडा.

प्रश्न : अकरा पात्रं आहेत. वाचक गोंधळतो.

उत्तर : पहिल्या प्रसंगात तिघांपेक्षा जास्त नकोत. निवेदक ज्या नात्याने हाक मारतो, तेच नाव शेवटपर्यंत ठेवा. एकीला कधी काकी, कधी सुमन, कधी दादाची बायको म्हणालात की वाचक तिघी मोजतो. ज्याच्या यादीत एकही नोंद सापडत नाही, ते पात्र काढून टाका.