लेथ मशीन : नवे घ्यावे की वापरलेले?

प्रश्न : दुरुस्तीची आणि सुट्या भागांची लहान कामे करण्यासाठी मला लेथ मशीन घ्यायचे आहे. नव्या मशीनच्या निम्म्या किमतीत एक जुने, पण बरेच वजनदार मशीन मिळत आहे. ते घेणे फायद्याचे ठरेल काय?

उत्तर : निम्मी किंमत पाहून निर्णय घेऊ नये. पहिला उपयोगी भाग तयार होईपर्यंत किती पैसे लागतील, याचा हिशेब दोन्ही मशीनसाठी मांडावा. जुन्या मशीनच्या बाबतीत वाहतूक, क्रेन आणि वायरिंग यांचा खर्च तर येतोच. शिवाय चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरवणारी पकड), स्टेडी (लांब कामाला मध्ये दिला जाणारा आधार), टूल पोस्ट (टूल धरणारा भाग) आणि चेंज गिअरचा (आटे काढताना बदलायच्या दातेरी चाकांचा) पूर्ण संच सोबत मिळत नसेल, तर या वस्तू एकेक करून जमवताना किमतीतील फरक झपाट्याने आटतो. नव्याच्या कोटेशनमध्येही यांतले काय धरले आहे, हे नीट वाचावे.

खरा प्रश्न बेडचा, म्हणजे मशीनचे भाग ज्यावर बसतात व सरकतात त्या पायाचा आहे. बहुतेक काम चकजवळच होत असल्याने बेडची झीजही तिथेच सर्वाधिक असते. कॅरेजचे (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचे) लॉक चकजवळ हलकेच आवळून कॅरेज टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाला कामाला आधार देणाऱ्या भागाकडे) सरकवावी. तिकडे ती जाम होऊ लागली, तर झीज झाली आहे असे समजावे. त्यानंतर सुमारे 25 मि.मी. व्यासाचा गज चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, 100 मि.मी. लांबीवर हलका फिनिशिंग कट घ्यावा आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. फरक आढळला म्हणून लगेच मशीन नाकारू नये, कारण लेव्हल नीट न केल्यामुळे बेडला पीळ पडला असेल तरीही टेपर, म्हणजे व्यासातला असा फरक, येतो. मात्र बेडच झिजलेला असेल, तर तो ग्राइंड केल्यावर कॅरेज खाली बसते आणि लीड स्क्रूशी (आटे काढताना कॅरेज पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूशी) तिची जुळणी पुन्हा करावी लागते. हे काम अनेकदा वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडते.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) बॅकलॅशला, म्हणजे हँडल उलटे फिरवताना जाणवणाऱ्या मोकळ्या चालीला, मी फारसे महत्त्व देणार नाही. टूल नेहमी एकाच दिशेने पुढे आणले की त्याचा त्रास कमी होतो, आणि नट बदलताही येतो. स्पिंडलचे, म्हणजे चक फिरवणाऱ्या दंडाचे, तसे नाही. मशीन सर्वाधिक वेगावर अर्धा तास चालवायला सांगावे; बेअरिंगचा आवाज येत असेल किंवा हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेला भाग) हाताला सोसवणार नाही इतका तापत असेल, तर बेअरिंग बदलण्याची किंमत सौद्यातून वजा करावी.

लीड स्क्रू इंची असेल आणि तुम्हाला मेट्रिक आटे काढायचे असतील, तर 127 दातांचा गिअर संचात आहे का, हे पाहावे. त्याशिवाय तंतोतंत पिच (लगतच्या आट्यांमधले अंतर) मिळणे अवघड आहे.

बेड व स्पिंडल चांगले असून गिअर पूर्ण असतील, तर मी जुनेच मशीन निवडेन, कारण जड कास्टिंग कंपन शोषते आणि हलक्या नव्या मशीनवर न पेलणारा खोल कट त्यावर घेता येतो. परंतु पहिल्याच आठवड्यात कामाची मुदत पाळायची असेल आणि तपासणीसाठी अनुभवी टर्नर सोबत नसेल, तर वॉरंटी असलेले नवे मशीन घ्यावे.