फुकट शिकताना गृहपाठ कोण तपासणार?

प्रिय,

पैसे न भरता प्रोग्रॅमिंग शिकता येईल का, असं तू विचारलंस. येईल. भाषा फुकट आहे, ती चालवायची साधनं फुकट आहेत आणि उत्तम अभ्यासक्रमही फुकट आहेत. चांगल्या क्लासला जाणाऱ्याला मात्र एक गोष्ट जास्तीची मिळते: त्याचं काम तपासणारं माणूस. तुझ्याकडे ती जागा रिकामी आहे. ती कशी भरायची हे आधीच ठरवलं नाहीस, तर महिनाभर व्हिडिओ बघूनही कोरा एडिटर (कोड लिहायची खिडकी) उघडल्यावर काही सुचणार नाही. म्हणून या पत्रात मी तपासण्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

भाषा निवडण्यात आठवडा घालवू नकोस. पायथन घे. वेबपानं बनवायचीच ओढ असेल तर जावास्क्रिप्टही चालेल. अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा), यादी या कल्पना एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसरीत फारसं अडत नाही. पायथन १९९१ पासून आहे, त्यामुळे जुनं साहित्यही भरपूर सापडतं. त्यातलं पायथन २ चं टाळ. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. प्रिंट या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेपुढे कंस नसलेली उदाहरणं दिसली की ते पान बंद कर.

संगणक असेल तर थॉनी नावाचा एडिटर उतरवून घे. त्याच्यासोबत पायथन येतंच, त्यामुळे पाथची (पायथन संगणकात कुठे आहे याची) सेटिंग चुकल्याने पहिल्याच दिवशी होणारी अडवणूक टळते. एफ५ दाबलं की प्रोग्रॅम चालतो. पण थॉनीचा खरा उपयोग कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबल्यावर कळतो: प्रोग्रॅम थांबत थांबत चालतो, एफ६ ने मोठं पाऊल, एफ७ ने छोटं. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (माहिती साठवणाऱ्या नावांची) चौकट उघडून ठेव, म्हणजे प्रत्येक पावलाला कोणत्या नावात काय साठलंय ते समोर दिसेल. लूप न समजणाऱ्याने दहा व्याख्यानं ऐकण्यापेक्षा एक लूप असा पावलापावलाने बघावा.

फक्त फोन असेल तरी ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब या पायथन चालवणाऱ्या संकेतस्थळावर सुरुवात होते. तिथे त्रास कीबोर्डचा असतो. तो ओळीचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि प्रिंटमधलं पी कॅपिटल झालं की पायथनला ते नाव ओळखू येत नाही, नेमएरर येतो. मेसेजमधून किंवा एखाद्या पानावरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात आणि सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याचा एरर, मिळतो. फोनची ऑटोकरेक्ट सोय बंद ठेव.

अभ्यासक्रम एकच घे आणि निवडताना एकच प्रश्न विचार: हा माझ्याकडून लिहून घेऊन ते तपासतो का? हार्वर्डचा सीएस५० पायथन हा अभ्यासक्रम तपासतो. गृहपाठ पाठवला की कोणत्या चाचणीत उत्तर चुकलं ते सांगतो. फ्रीकोडकॅम्पही ब्राउझरमध्येच प्रत्येक पायरी तपासतं. एक्सरसिझमवर स्वयंसेवक तुझा कोड वाचून सूचना देतात, तेही फुकट. सीएस५० चं एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचं पडताळणी केलेलं प्रमाणपत्र पैसे भरून मिळतं, पण शिकायला त्याची गरज नाही. अर्ध्यावर कंटाळा आला की दुसरा अभ्यासक्रम सुरू करावासा वाटेल. तिथे पुन्हा व्हेरिएबल म्हणजे काय इथपासून सुरुवात होते आणि सोपं वाटल्याने प्रगतीचा भास होतो. कंटाळा बहुतेकदा फंक्शन किंवा फाइल यांपाशी येतो. नेमका तिथेच टिकून राहा.

दररोज पाऊण तास दे, रविवारी पाच तास नको. त्या पाऊण तासात बघणं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. उरलेला वेळ हाताने टाइप करण्याचा. आणि एफ५ दाबण्याआधी काय दिसेल ते कागदावर लिही. ही सवय तुझा पहिला तपासनीस आहे. एक ते दहाच्या रेंजवर (ओळीने आकडे देणाऱ्या फंक्शनवर) लूप चालवला तर शेवटचा आकडा कोणता? दहा लिहिलंस आणि पडद्यावर नऊ आलं, तर तेवढ्यात एक नियम कायमचा शिकून झाला: रेंज शेवटचा आकडा धरत नाही. अंदाज न लिहिता चालवलंस तर ते नऊ नजरेतून सुटून जाईल.

दुसरा तपासनीस म्हणजे एररचा संदेश. लाल अक्षरं दिसताच खिडकी बंद करू नकोस. सर्वांत खालची ओळ आधी वाच, तिथे चुकीचा प्रकार असतो; मग त्याच्या वरचा ओळ क्रमांक बघ. सिंटॅक्सएरर असेल तर दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही तपास, कारण तिथला कंस उघडाच राहिलेला असू शकतो. पायथन ३.१० पासून कोणता कंस बंद झाला नाही हेही संदेशातच लिहून येतं. तुझ्या फाइलला रँडम किंवा टर्टल असं नाव मात्र देऊ नकोस. पायथन त्याच नावाच्या मॉड्यूलऐवजी (त्याच्यासोबत आलेल्या तयार कोडच्या फाइलऐवजी) तुझीच फाइल उचलतं आणि येणारा एरर काही केल्या समजत नाही.

सर्वांत अवघड चुका एररच्या संदेशाला सापडत नाहीत: प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि उत्तर खोटं देतो. इनपुट या फंक्शनने कीबोर्डवरून घेतलेले १२ आणि ५ मिळवलेस तर १२५ येतं, कारण इनपुट नेहमी मजकूर देतो. आधी इंट या फंक्शनने त्यांचा आकडा करावा लागतो. तीन गुणांची सरासरी काढताना बेरजेला कंस घातला नाही, तर भागाकार फक्त शेवटच्या गुणाचा होतो. ६०, ७० आणि ८० ची सरासरी ७० यायला हवी, पडद्यावर १५६.६७ च्या आसपास काहीतरी येतं, आणि एकही एरर दिसत नाही. यावर उपाय एकच: उत्तर आधी हाताने काढ आणि ते असर्ट या तपासणाऱ्या आज्ञेच्या ओळीत लिहून ठेव. उत्तर जुळलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबेल. मग रिकामी यादी देऊन बघ, शून्य देऊन बघ, ऋण संख्या देऊन बघ. दशांश मात्र थेट बरोबरीने तपासू नकोस. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये नेमकी ०.३ होत नाही, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो आणि तिथे ते नेमके बसत नाहीत.

लूप जमू लागले की स्वतःचं काहीतरी कर. पहिला प्रोग्रॅम आकडा ओळखण्याचा: संगणकाने १ ते १०० मधला आकडा मनात धरायचा आणि जास्त की कमी एवढंच सांगायचं. दरवेळी उरलेल्यांच्या मधला आकडा विचारला तर सात प्रयत्नांत उत्तर सापडलंच पाहिजे. नाही सापडलं तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे किंवा खेळण्यात. दुसरा प्रोग्रॅम खर्चाची नोंद फाइलमध्ये ठेवणारा. फाइल डब्ल्यू मोडमध्ये (नव्याने लिहिण्यासाठी) उघडलीस तर आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. भर घालायला ए मोड लागतो. नोंदी मराठीत ठेवणार असशील तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ लिहीत जा, नाहीतर विंडोजवर देवनागरी अक्षरांपाशी प्रोग्रॅम कोसळू शकतो. (आणि 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन ५ सांगेल. काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो.)

एआयकडून उत्तर लिहून घ्यायचा मोह होईल. या टप्प्यावर ते टाळ, कारण त्याने दिलेला कोड बरोबर आहे का हे तपासण्याची क्षमताच तुला कमवायची आहे. वीस मिनिटं स्वतः झगडल्यावर एररचा अर्थ जरूर विचार. पूर्ण कोड मागू नकोस.

माणसाला विचारताना कोडचा फोटो पाठवू नकोस, मजकूर पाठव, म्हणजे तो चालवून बघता येतो. चूक जेवढ्या ओळींत पुन्हा दिसते तेवढ्याच ठेव, बाकीच्या काढून टाक. कोणतं इनपुट दिलंस, काय यायला हवं होतं, काय आलं आणि संपूर्ण एरर काय होता, हे चार मुद्दे लिही. सरासरीचा प्रोग्रॅम अडला तर मला याच पद्धतीने पाठव, कागदावर हाताने काढलेल्या उत्तरासकट.

सस्नेह.