माला-एन, तांबं-जस्त आणि रक्ताचा रिपोर्ट

प्रश्न : दोन वर्षांपासून उपकेंद्रातली माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते. थकवा वाटतो म्हणून लॅबचं मोठं पॅकेज केलं. तांबं जास्त, जस्त (झिंक) काठावर, हिमोग्लोबिन 10.8 आलं. जाऊबाई म्हणतात, तांब्याच्या हंड्यातलं पाणी बंद कर आणि 50 मिलिग्रॅम झिंकची गोळी रोज घे. घेऊ का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : झिंकची गोळी नको, आणि हंडा माळ्यावर टाकायचीही गरज नाही. फक्त त्यात ताक, लिंबूपाणी ठेवू नका.

माला-एनच्या पहिल्या 21 गोळ्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. त्यामुळे यकृत सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. रक्तातलं बहुतेक तांबं याच प्रथिनात असल्याने रिपोर्टमधला आकडा चढतो. अंगात तांबं साचलं असा त्याचा अर्थ नाही. झिंक या गोळ्यांमुळे थोडं उतरतं, आणि जेवून रक्त दिलं तरी कमी दिसतं. रोज 50 मिलिग्रॅम झिंक महिनोन्‌महिने घेतलं, तर आतड्यात तांबं नीट शोषलं जात नाही. मग रक्तक्षय आणि पायांना बधिरपणा, असं नवीनच दुखणं मागे लागू शकतं.

खरी काळजी हिमोग्लोबिनची करा. 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. माला-एनमुळे पाळीचा स्राव कमी होतो, उलट लोह वाचतं. तरीही 10.8 आहे, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं : जंत, मूळव्याध, बी-12 ची कमतरता, अपुरा आहार. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा, 15 च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय. टीआयबीसीचा (रक्ताची लोह धरून ठेवण्याची क्षमता) आकडा मात्र या गोळ्यांनीच वाढतो, म्हणून माला-एन घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. पाकिटातल्या शेवटच्या 7 तपकिरी गोळ्यांत प्रत्येकी 60 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट असतं. त्यातलं निव्वळ लोह जेमतेम 20 मिलिग्रॅम. तेवढ्यावर रक्तक्षय भरून निघत नाही. वेगळी मात्रा डॉक्टर ठरवतील. ती चहाबरोबर घेऊ नका, मध्ये किमान एक तास जाऊ द्या. घाबरून माला-एन मधेच सोडू नका. या अवस्थेत दिवस राहिले तर उरलंसुरलं लोहही जाईल.

ज्वारीतल्या फायटेट या घटकामुळे लोह आणि झिंक दोन्ही कमी शोषले जातात. भाकरी सोडायची नाही. सोबत मोड आलेली मटकी, तिळाची चटणी, दही, चालत असेल तर अंडी-मटण ठेवा. उसळीवर लिंबू पिळा.

प्रश्न : मी तांबी (कॉपर-टी) बसवलीय. तिचं तांबं रक्तात उतरतं का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तांबं गर्भाशयातच सुटतं, तेही इतकं थोडं की रक्तातला आकडा हलत नाही. तांबीत हार्मोनही नसतं. तिचा त्रास वेगळा : पहिले तीन ते सहा महिने पाळीला अंगावरून जास्त जातं आणि लोह कमी होतं. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी आठवड्यापेक्षा लांबत असेल, तर सहा महिने वाट पाहू नका. तांबी जागेवर आहे का ते तपासून घ्या आणि त्याच फेरीत हिमोग्लोबिनही करा.