वाचकांचे प्रश्न : बातमी कळूनही काहीच उमगत नाही तेव्हा

प्रश्न : माझे वय ३४ असून ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) निदान मला मोठेपणी झाले. गेल्या महिन्यात बहिणीला गंभीर आजार असल्याचे फोनवर कळले, तेव्हा मी फक्त ‘बरं’ म्हणालो आणि हातातले काम करत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र वाचलेल्या वाक्याचा अर्थ लागेना, साधा निर्णय घेता येईना, कोणी काही विचारले तर शब्द सुचेनात. ‘तुला काहीच वाटत नाही का?’ असे घरचे विचारतात आणि आता मलाही तीच शंका येते. मी काय करावे?

उत्तर : तुम्हाला काही वाटत नाही, असे तुमच्या पत्रातून मुळीच दिसत नाही. मनातली भावना नेमकी कोणती हे ओळखणे आणि तिला शब्द देणे काही जणांना अवघड जाते. या स्थितीला अ‍ॅलेक्सिथायमिया हे नाव पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात दिले असून, ती स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्या जणांमध्ये आढळते. अशा वेळी दुःख आधी शरीरात उतरते. झोप उडते, पोट बिघडते, नेहमीचे आवाज आणि उजेड असह्य होतात, आणि त्या सगळ्याचा बातमीशी संबंध कित्येक दिवसांनी लक्षात येतो. रडणे हाच दुःखाचा एकमेव पुरावा मानण्याची घाई नातेवाइकांना फार असते, पण त्या घाईमुळे तुम्ही स्वतःवर संशय घेण्याचे कारण नाही.

डोके चालेनासे होण्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पुढे काय घडणार याचा अंदाज असणे हा अनेक स्वमग्न व्यक्तींच्या दैनंदिन जीवनाचा आधार असतो, आणि गंभीर आजाराची बातमी असे शेकडो अंदाज एकाच वेळी रद्द करते: बहिणीचा नेहमीच्या वेळी येणारा फोन, ठरलेली भेट, पुढच्या वर्षीचा बेत. ही सगळी फेरमांडणी मन आतल्या आत करत असताना वाचणे, बोलणे आणि निवड करणे यांसाठी फारशी शक्ती उरत नाही. म्हणून स्वतःवर जोर करून ‘नीट विचार’ करण्याचा प्रयत्न सध्या सोडून द्यावा, कारण त्याने गोंधळ सहसा वाढतोच.

त्याऐवजी बातमी कागदावर उतरवावी. नक्की काय माहीत आहे, काय अजून ठरायचे आहे, ते कधी आणि कोणाकडून कळेल, आणि त्यात तुमच्याकडून प्रत्यक्ष कोणती अपेक्षा आहे, एवढेच लिहावे. बहुतेकांच्या बाबतीत शेवटचा भाग आश्चर्यकारकरीत्या छोटा निघतो. घरच्यांनाही सांगावे की पुढील माहिती फोनवर न देता लेखी संदेशाने द्या, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी एक दिवस थांबा. बोलणे पूर्ण बंद पडते त्या वेळेसाठी ‘मला ऐकू येते आहे, आत्ता बोलता येत नाही’ असे वाक्य फोनमध्ये आधीच लिहून ठेवावे.

दिनक्रम शक्य तेवढा जसाच्या तसा ठेवा. कपडे, जेवण, ये-जा यांत निवड करण्याची वेळ येऊ देऊ नका आणि टाळता येतील असे मोठे निर्णय पुढे ढकला. डुलणे, येरझाऱ्या घालणे, आवडत्या विषयात तासभर बुडून जाणे हा बेजबाबदारपणा नव्हे. त्याने मन सावरते, मग ते पाहणाऱ्याला कसेही दिसो. बहिणीला काय बोलावे हे सुचत नसेल, तर तिला तसेच लिहून कळवा आणि एखादे ठरावीक काम, उदाहरणार्थ तपासण्यांच्या तारखांची नोंद ठेवणे, मागून घ्या.

हे धुके अनेक आठवडे विरळ होत नसेल, तर ऑटिझमची जाण असलेल्या समुपदेशकांची मदत घ्यावी. बोलणे जमत नसल्यास लेखी संवादाने सत्र घेता येईल का, हे आधीच विचारावे. खाणेपिणे किंवा हालचाल जवळपास थांबली, दिवस-वेळ-ठिकाण यांचे भान अचानक सुटले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि सोबत कोणाला तरी न्यावे.