बंद घराची राखण

प्रश्न : आमचे गाव लहान आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत निम्मी घरे आठ-दहा दिवस बंद असतात आणि गेल्या वर्षी त्यांपैकी दोन फुटली. या वर्षी गावातील तरुणांनी रात्रभर गस्त घालावी, असे ठरते आहे. त्याचा कितपत उपयोग होईल?

उत्तर : उत्साह टिकेल तोवर थोडा धाक राहील, पण केवळ गस्तीवर भिस्त ठेवू नये. 1972-73 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी 15 बीटांवर, म्हणजे गस्तीच्या ठरलेल्या विभागांवर, एक प्रयोग केला. पाच बीटांतील नेहमीची फिरती गस्त बंद केली, पाचांत ती दुपटी-तिपटीने वाढवली आणि उरलेल्या पाचांत होती तशीच ठेवली. वर्षभराने हिशेब मांडला, तेव्हा घरफोड्यांच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. गस्तीची गाडी असो वा काठी घेतलेली चार माणसे, एकेका घरासमोरून ती क्षणभर जातात आणि उरलेला सारा वेळ ते घर एकटेच असते. शिवाय चोरी मध्यरात्रीच होते, हा समजही खरा नाही. घरफोड्याला निजलेल्या घरापेक्षा रिकामे घर सोयीचे वाटते आणि हिवाळ्यात दिवस लवकर मावळत असल्यामुळे, सगळीकडे दिवे लागले असताना कोणते घर अंधारात आहे, हे त्याला संध्याकाळीच कळते. तुमचे तरुण बाहेर पडेपर्यंत त्याचे काम उरकलेलेही असेल.

याहून उपयोगी पडणारी रीत इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत 1980च्या दशकात दिसली. एकदा फुटलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटण्याचा धोका सर्वाधिक असतो, हे तेथील अभ्यासकांच्या ध्यानात आले. म्हणून सगळ्या वसाहतीवर पाळत ठेवण्याऐवजी त्यांनी फुटलेल्या घराच्या लगतची पाच-सहा घरे निवडली आणि त्या शेजाऱ्यांवर त्या एकाच घराकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सोपवली. जोडीला कुलपे मजबूत केली आणि घरातील नाणी टाकून चालणारे वीज व गॅसचे मीटर काढून टाकले, कारण चोरांचा डोळा त्या नाण्यांवर असे. काही वर्षांत तेथील घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. हे सारे यश शेजाऱ्यांच्या नजरेचेच होते, असे मी म्हणणार नाही, कारण उपाय एकत्रच झाले होते. तरीही तुमच्या गावाने उचलावे असे त्यात बरेच आहे.

प्रत्येक बंद घरासाठी एक शेजारी नावानिशी ठरवा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवू या’ असे ठरले, की लक्ष कोणाचेच राहत नाही. त्या शेजाऱ्याने रोज एकदा दाराशी जावे, साचलेली पत्रे व वर्तमानपत्रे उचलावीत, आतला दिवा संध्याकाळी लावावा किंवा टायमर नीट चालतो की नाही ते पाहावे आणि मागचे दार हाताने ढकलून बघावे. बर्फ पडणाऱ्या गावात तर दारापर्यंत एकही पाऊल न उमटलेला बर्फ घर रिकामे असल्याची बातमी दुरून देतो. तिथे शेजाऱ्याची रोजची फेरीच कामाला येते. गेल्या वर्षी फुटलेल्या दोन घरांची व्यवस्था सर्वांत आधी लावा. बंद घरांची यादी मात्र गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. ती ठरलेल्या शेजाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्यात असली, म्हणजे पुरे. प्रवासाची छायाचित्रेही परतल्यावरच टाकलेली बरी.

प्रश्न : महागडे कुलूप घ्यावे की कॅमेरा?

उत्तर : त्याआधी कोयंडा पाहा. दार लावल्यावर कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर कुलूप कितीही महाग असले तरी चोर त्याला हातही लावणार नाही. साध्या पेचकसाने चार स्क्रू काढून तो कोयंडा कुलपासकट बाजूला करील. कडी बसल्यावर स्क्रू झाकले जातील असा कोयंडा घ्यावा आणि तो दाराच्या आरपार जाणाऱ्या, आतून नट आवळलेल्या बोल्टने बसवावा. आतल्या बाजूने कुलूप बसणारे दार असेल तर अधिक चांगले, कारण बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याचे स्वतःच सांगत असते. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न : अनोळखी माणूस गावात फिरताना दिसला, तर त्याला अडवावे का?

उत्तर : वाट चुकलेल्या माणसाला विचारावे तसे ‘कोणाकडे जायचे आहे?’ असे विचारावे. बहुतेकांना खरोखरच कोणाकडे तरी जायचे असते आणि ज्याचा हेतू वाईट आहे, त्याला आपण कोणाच्या तरी नजरेत आलो, एवढे समजले तरी पुष्कळदा पुरते. पाठलाग मात्र कदापि करू नये. 2012 मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे वस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या एका स्वयंसेवकाने आधी पोलिसांना दूरध्वनी केला होता. मागे जाण्याची गरज नाही, असे त्याला सांगण्यातही आले होते. त्यानंतर झालेल्या झटापटीत त्याच्या गोळीने 17 वर्षांचा एक निःशस्त्र मुलगा मरण पावला. वेळ, वाहनाचा क्रमांक, कपडे आणि जाण्याची दिशा लिहून पोलिसांना कळवणे, एवढेच नागरिकाचे काम आहे. तुमच्या गस्तीतील मुलांच्या हाती काठ्यांऐवजी वही आणि विजेरी द्यावी, असे मला वाटते ते याचसाठी.

प्रश्न : परत आल्यावर दार फोडलेले दिसले, तर?

उत्तर : आत पाऊल टाकू नका. चोर अजून आत असू शकतो, आणि नसला तरी तुमच्या वावराने ठसे बिघडतात. बाहेरूनच पोलिसांना बोलवा. पंचनामा झाल्यावर त्याच दिवशी दार दुरुस्त करून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना पुढचे काही आठवडे तुमच्या घराकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला सांगा.