‘डिसआर्मिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की ‘डिसआर्मिंग स्माइल’ किंवा ‘डिसआर्मिंग ऑनेस्टी’ यातल्या डिसआर्मिंगला (म्हणजे समोरच्याचा राग किंवा संशय आपोआप गळून पडेल अशा) मराठी शब्द कोणता, ‘निःशस्त्र करणारं हसू’ चालेल का.

माझं मत विचाराल तर नको. निःशस्त्र म्हटलं की निःशस्त्रीकरण परिषद डोळ्यासमोर येते, आणि मराठीत हत्यारं टाकणं म्हणजे सरळ हार मानणं, इथे तर कुणीच हरलेलं नसतं, उलट भांडायला आलेल्यालाच जरा बरं वाटतं. ‘निरुत्तर’ अजिबात नको, निरुत्तर झालेला माणूस गप्प बसतो पण आतून धुमसतच असतो.

गोड हसण्याबोलण्याला ‘लाघवी’ आहेच. मूळ लघु म्हणजे हलकं, त्यावरून लाघव, हस्तलाघवातलंही तेच, तिथे अर्थ सफाई. म्हणूनच की काय, लाघवी म्हटलं की मला थोडी सफाईची शंका येते, लाघवी माणसाला आपण लाघवी आहोत हे बहुतेक पक्कं ठाऊक असतं. ज्यात काही डाव नाही अशा हसण्याला ‘निर्व्याज’ जास्त शोभतं (बँकेच्या व्याजाशी संबंध नाही हं, संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, व्याजस्तुतीतलं).

खरी गंमत आर्जवाची. ऋजु म्हणजे सरळ, आर्जव म्हणजे सरळपणा, गीतेच्या सोळाव्या अध्यायात पहिल्याच श्लोकात दैवी गुणांमध्ये तो येतो. आणि मराठीत आर्जवं करणं म्हणजे विनवण्या! त्यामुळे ऑनेस्टीसाठी ‘प्रांजळपणा’च घ्यावा लागतो, आणि ते बरंच आहे, कारण ‘हो, चूक माझीच, कारण काही नाही’ असं कुणी प्रांजळपणे म्हटलं की समोरच्यानं घोकून आणलेले सगळे मुद्दे फुकट जातात, पण त्यालाच ‘माफ करा ना, प्लीज ना’ची शेपूट लागली की तो पुन्हा सावध होतो, की याला काहीतरी हवंय.

पण विशेषण हवंच कशाला? मराठी हे काम क्रियापदाकडून करून घेते. ‘त्याच्यावर रागावताच येत नाही’, ‘तिच्या हसण्यापुढं राग टिकेना’, ‘इतकं सरळ कबूल केलं की पुढं बोलवेना’. ‘विरघळला’ही चालेल, ‘पाघळला’ मात्र जपून, त्यात टिंगल आहे. भाषांतरात अगदी विशेषणच बसवायचं असेल तर ‘राग घालवणारं हसू’ म्हणा, जरा ओबडधोबड आहे पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.