वडिलांना साखर आहे, पराटीचं (कापसाचं) खुंट लागून तळव्याला झालेली जखम भरत नाही. स्टेम सेलने भरेल का?

स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. त्यांची मदत होऊ शकते, पण साखरेच्या जखमेवर हा अजून रुळलेला इलाज नाही. टोचलेल्या पेशींची नवी कातडी होते असा समज आहे, मात्र त्यातल्या बहुतेक थोड्याच दिवसांत नष्ट होतात. जगतात तेवढ्या काळात त्या जी द्रव्यं सोडतात, खरं काम त्यांचं: दाह ओसरतो, बारीक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, काठाची कातडी आत सरकू लागते. साखरेच्या रुग्णाची जखम नेमकी दाहाच्या टप्प्यावर अडकते, म्हणून ही आशा. भाजलेल्यांचं वेगळं, तिथे रुग्णाच्याच कातडीच्या पेशी वाढवून त्यांचा पापुद्रा लावतात. हे 1981 पासून होत आलं आहे.

ग्रामीण रुग्णालयात रोज अशा पायांचं ड्रेसिंग करते, म्हणून कळकळीने सांगते: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा जखमेसाठी स्टेम सेल फक्त नोंदणीकृत संशोधन-चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. कोणी हजारो रुपये मागत असेल तर शेत गहाण टाकू नका. पुष्कळदा स्वतःच्याच रक्तातला प्लाझ्मा 'स्टेम सेल' म्हणून टोचतात. ते स्टेम सेल नव्हेत.

आधी हे करा:
- सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेऊन पायाचा रक्तपुरवठा तपासा.
- मेलेलं मांस तिथल्या डॉक्टरांकडून काढून घ्या, साखर आटोक्यात आणा.
- त्या पायावर भार बंद. वावरात जाणंही बंद.

बोट काळं पडलं, वास आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी न्या.